नवा मिररलेस कॅमेरा घेण्याआधी टाकाऊ फोटो उघडा

नवी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) बाजारात आली की आधी रिव्ह्यू नाही, गेल्या गणपतीतले स्वतःचे फेकलेले फोटो बघा. लालबागच्या गर्दीत फोकस चेहऱ्याऐवजी मागच्या झेंडूच्या माळेवर गेलाय? मग नव्या ऑटोफोकसचा फायदा खरंच होईल. फोटो हललाय किंवा अंधारात दाणेदार आलाय, तर आधी लेन्सकडे बघा: एफ/४ वरून एफ/१.८ वर (आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं) गेलात की जवळजवळ पाचपट प्रकाश मिळतो, तोही जुन्याच बॉडीवर.

मेगापिक्सेलचं तर फारच कौतुक होतं. सोनी ए७ थ्रीच्या २४ वरून ए७ फोरच्या ३३ वर गेलं तरी फोटोची रुंदी ६००० वरून ७००८ पिक्सेल होते, बस्स.

तरी मन मानत नसेल तर ती बॉडी एका दिवसासाठी भाड्याने आणा, स्वतःची लेन्स लावा आणि पहाटे दादरच्या फुलबाजारात फिरवा. जुन्या बॉडीची किंमत फोर्टात दोन-तीन दुकानांत विचारा. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलंय तो आकडा, आधीच काढून ठेवा, ते विचारतातच. आणि हो, फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट केलंय ना? ते फुकट असतं.