ग्राइंडरचं व्हील निवडायचं कसं, आणि पुढे पॉलिशपर्यंत

दुकानात जाऊन नुसतं "सहा इंची व्हील द्या" म्हणू नका, आधी घासायचं काय ते ठरवा. साधं स्टील असेल तर करड्या रंगाचं ॲल्युमिनियम ऑक्साइड, हायस्पीड स्टीलच्या टूल बिटला (लेथवर धातू कापायचं हत्यार) आणि ड्रिलला पांढरं, तेही ॲल्युमिनियम ऑक्साइडच पण जास्त शुद्ध, त्याचे कण पटपट तुटून नवी धार पुढे येते म्हणून टूल कमी तापतं. कार्बाइड टिपला, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवलेल्या अतिकडक तुकड्याला, हिरवं सिलिकॉन कार्बाइड लागतं, पांढऱ्यावर टेकवलीत तर टिप तशीच राहते आणि व्हीलच झिजतं. आणि ॲल्युमिनियम यातल्या कुठल्याच व्हीलवर घासू नका, छिद्रं बुजतात.

व्हीलवर WA 60 K 5 V असं काहीतरी छापलेलं असतं ते वाचायला शिका. WA म्हणजे पांढरं, 60 म्हणजे कणांचा ग्रिट, आकडा वाढला की कण बारीक. K ही ग्रेड, A सगळ्यात मऊ, Z सगळ्यात कडक. 5 म्हणजे कण किती दाट, V म्हणजे भट्टीत भाजलेला बाँड, म्हणजे कण एकमेकांना चिकटवून धरणारा मसाला. यातली ग्रेड लोक बघतच नाहीत! ग्रेड म्हणजे बाँड कणाला किती घट्ट धरतो ते, आणि नियम उलटा वाटतो, कडक जॉबला (म्हणजे घासायच्या वस्तूला) मऊ व्हील घ्यायचं. कारण कडक जॉबवर कण लवकर बोथट होतात, मऊ बाँड त्यांना सोडून देतो आणि खालचे ताजे कण कामाला लागतात. बाँडने धरूनच ठेवलं तर व्हील काचेसारखं गुळगुळीत होतं, जॉब निळा पडतो, मग कितीही दाबा काही होत नाही, व्हीलवर ड्रेसर, म्हणजे वरचा बोथट थर खरवडून काढणारं हत्यार, फिरवायचा.

बसवण्याआधी व्हील वाजवून बघा, हे कधीच टाळू नका. कोरडं व्हील बोटावर लटकवा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाजूवर हलकेच ठोका, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा असू शकतो, ते व्हील बसवायचं नाही. रेझिन बाँडची डिस्क मात्र तशीही खणखणत नाही, तिला ही परीक्षा लावू नका. व्हीलवर लिहिलेला आरपीएम मशीनपेक्षा कमी नको, बाजूचे कागदी वॉशर काढू नका, टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि व्हील यांच्यातली फट 3 मिमीच्या आत, आणि चालू केल्यावर एक मिनिट बाजूला उभं राहा, समोर नाही.

पॉलिशला पेपर 120, 220, 400, 600 असे चढत जा, प्रत्येक वेळी दिशा आडवी बदला, आधीचे ओरखडे पूर्ण गेले की मगच पुढचा नंबर, नाहीतर 120 चा ओरखडा बफवर (पॉलिशच्या कापडी चाकावर) चकचकीत होऊन उठून दिसतो. शेवटी कॉटन बफ, स्टीलला हिरवा कंपाउंड (बफला लावायचा पॉलिशचा मसाला). जॉब बफच्या मध्याच्या खाली टेकवा, वरची कड बफच्या तोंडाला देऊ नका, हातातून हिसकावून घेतो, आणि हातमोजे घालून तर बफवर अजिबात काम करू नका.