हर्णे ते महाबळेश्वर: प्रो सायकलिंग मॅनेजरमध्ये कोकणातली घाटाची स्टेज आखणे आणि जिंकणे

प्रो सायकलिंग मॅनेजर या सायकल शर्यतींच्या कॉम्प्युटर खेळात आल्प्समध्ये जिंकायची सवय लागलेले खेळाडू कोकणच्या घाटात हरतात, कारण आपले घाट उंचीला मोठे असले तरी चढाला सैल आहेत. फ्रान्समधला प्रसिद्ध आल्प दुएझचा चढ १३.८ किमी आणि सरासरी ८.१ टक्के. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे ४० किमी, वर चढायचे साधारण तेराशे मीटर. सरासरी निघते सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. पुढचे सगळे डावपेच या एका आकड्यावर ठरतात.

थोडे गणित करू. ६२ किलोचा सायकलपटू, ८ किलोची सायकल, ३७० वॅट ताकद. सव्वातीन टक्क्यांवर तो ताशी ३२ किमीच्या आसपास जातो आणि त्याच्या ताकदीचा तिसरा हिस्सा हवा कापण्यात जातो. तोच माणूस ८ टक्क्यांवर ताशी २० किमीने जातो आणि हवेत जेमतेम दहावा हिस्सा घालवतो. म्हणून आल्प्समध्ये एकटा सुटलेला क्लाइंबर (चढाचा तज्ज्ञ) टिकतो, तर आंबेनळीत तो वारा खात राहतो आणि मागे सावलीत बसलेले चौघे त्याला आरामात गाठतात. घोळक्याच्या आडोशाचा फायदा खेळाच्या हिशेबातही धरलेला आहे, त्यामुळे इथे स्टेज, म्हणजे शर्यतीचा एका दिवसाचा टप्पा, जिंकतो तो शेवटपर्यंत मदतनीस (लीडरसाठी राबणारे साथीदार) शिल्लक ठेवणारा.

आधी रस्ता नीट आखा

खेळासोबतच्या स्टेज एडिटरमध्ये रस्ता बिंदूंनी आखायचा, प्रोफाईलमध्ये उंची बसवायची आणि मग स्प्रिंट, चढाचे माथे व शेवटची रेषा यांच्या खुणा लावायच्या. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. घोळ होतो तो उंचीच्या आकड्यांत, आणि कोकणात जरा जास्तच होतो.

फुकट मिळणारी उंची बहुतेक एसआरटीएमची असते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून रडारने केलेली ही मोजणी ३० किंवा ९० मीटरच्या चौकटींत मिळते. घाटातला रस्ता कड्याला चिकटून जातो. नकाशावरचा बिंदू वीस-तीस मीटर बाहेर सरकला की चौकट दरीतली उंची देते, आत सरकला की कड्याच्या माथ्याची. मग प्रोफाईलमध्ये करवतीसारखे दाते येतात, कुठे १८ टक्के चढ तर लगेच १४ टक्के उतार. तशी स्टेज खेळलात तर घोळका दर दोनशे मीटरला फुटत राहतो आणि निकालाला काही अर्थ उरत नाही.

उपाय सोपा आहे. रस्त्यावर दर ५०० मीटरला एक बिंदू घ्या. वळणाच्या टोकावर नको, दोन वळणांमधल्या सरळ तुकड्यावर घ्या. तीन-तीन बिंदूंची सरासरी काढून तीच उंची बसवा. मग पडताळा करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ ५ टक्के आणि अपवाद म्हणून ७ टक्के धरतात, तीव्र डोंगरात ६ आणि ८. जुन्या घाटात एखादे वळण याहून कडक असू शकते, पण अर्धा किलोमीटर सलग १२ टक्के दिसले तर तो आकडा चुकीचाच समजा. एसटीची गाडी भरल्या प्रवाशांनिशी रोज त्याच रस्त्याने चढते.

दुसरा सापळा कशेडीला आहे. मार्ग आपोआप काढणारे नकाशे आता नव्या बोगद्यातून नेतात, पण उंची मात्र बोगद्यावरच्या डोंगराची देतात. परिणामी सपाट रस्त्यावर भिंत उभी राहते. जुन्या घाटरस्त्यावर हाताने बिंदू ठेवा. शर्यतीलाही तोच रस्ता हवा.

मार्ग असा: हर्णे बंदरातून दापोलीच्या सड्यावर, तिथून खेड, कशेडी घाट, पोलादपूर, मग आंबेनळीने वाडा कुंभरोशीवरून महाबळेश्वर. एकूण सुमारे १२५ किमी. चढांना अवघडपणाप्रमाणे श्रेणी देतात, पहिली जास्त अवघड; कशेडीला तिसरी पुरे. आंबेनळीला चाळीस किलोमीटरचा एकच चढ म्हणून खूण लावू नका. वाडा कुंभरोशीला दुसऱ्या श्रेणीचा माथा द्या आणि शेवटाला पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे गुण १०, ८, ६, ४, २, १ आणि दुसऱ्याचे ५, ३, २, १, त्यामुळे डोंगराच्या जर्सीसाठी (चढांच्या गुणांत पहिला येणाऱ्याला ती मिळते) सुटलेल्या गटाला मधेच धाव घ्यायला कारण मिळते आणि शर्यत जिवंत राहते.

तीन स्टेजची शर्यत करायची असेल तर पहिल्या दिवशी मालवणहून कुडाळ, सावंतवाडीमार्गे आंबोली ठेवा. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत सुमारे २५ किमीची टाईम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत), आणि तिसऱ्या दिवशी ही स्टेज. कॅलेंडरमध्ये फेब्रुवारी निवडा. पावसाळ्यात खऱ्या आंबेनळीत दरडी कोसळतात, शिवाय जुलैमध्ये मोठ्या टीमा टूर द फ्रान्ससाठी फ्रान्सला असतात. फेब्रुवारीची एक अडचण आहे: ज्या सायकलपटूचे लक्ष्य जुलै आहे त्याचा फॉर्म तेव्हा तळाला असतो. म्हणून नाव बघून टीम निवडू नका, त्या आठवड्याचा फॉर्म बघा.

सात जण कोण

तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यती सोडल्या तर टीम सातांची असते. लीडर निवडताना फक्त डोंगराचा गुण बघणे ही इथली सर्वांत महागडी चूक. डोंगर ८० आणि टाईम ट्रायल ६४ असा शुद्ध क्लाइंबर आरे-वारेच्या रस्त्यावर किलोमीटरला दोन सेकंद जरी गमावून बसला तरी ५० सेकंद गेले. ते आंबेनळीच्या सैल चढावर परत मिळत नाहीत. त्याच्यापेक्षा डोंगर ७७, मध्यम डोंगर ७७ आणि टाईम ट्रायल ७५ असलेला कितीतरी बरा. जोडीला तग आणि प्रतिकार हे गुण बघा, कारण शेवटची चढण तासाहून जास्त चालते. तिसऱ्या दिवसासाठी रिकव्हरी ७० च्या वर असलेला बरा.

बाकी सहांत दोन सपाटीचे दमदार गडी, दोन मध्यम डोंगराचे आणि दोन चांगले क्लाइंबर, जे लीडरला शेवटपर्यंत साथ देतील. स्प्रिंटर आणू नका. या शर्यतीत त्याला जिंकायला काही नाही, आणि वेळेच्या मर्यादेत पोचवायला मदतनीस खर्ची पडतो.

हर्णे ते खेड

सुरुवातीलाच समुद्रावरून सड्यावर चढ आहे, त्यामुळे दिवसाचा गट तिथेच सुटतो. सुटू द्या. फक्त नावे वाचा: एकूण क्रमवारीत दोन मिनिटांच्या आत असलेला कोणी त्यात असेल तर सपाटीचे दोन्ही गडी लगेच पुढे लावा. नसेल तर एकच गडी कमी जोरावर पुढे ठेवा. बाकी सगळ्यांना रिले (आलटूनपालटून पुढे येऊन वारा कापणे) बंद. खेळात ही आज्ञा एकदा दिली की चालूच राहते, आणि लावलेली विसरली की लीडर स्वतः वारा कापत बसतो. स्टेज सुरू होताच थांबवून सातही जणांच्या आज्ञा तपासणे हाच खात्रीचा मार्ग.

अंतर किती द्यायचे? फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांचा जुना ठोकताळा असा, की घोळक्याला एक मिनिट भरून काढायला दहा किलोमीटर लागतात. पोलादपूरला पोचताना गट तीन मिनिटे पुढे असला तरी चिंता नको, कारण त्यानंतर चाळीस किलोमीटर उरतात आणि सकाळपासून सुटलेले तोवर दमलेले असतात. पाच मिनिटांवर जाऊ देऊ नका.

पाण्याच्या बाटल्या खेडच्या आधी मागवा. चढावर बाटल्या आणायला पाठवलेला मदतनीस गाडीपर्यंत मागे येतो, मग घोळका गाठायला जोर लावतो आणि त्यातच संपतो. इथपर्यंत खेळाचा वेग चौपट किंवा आठपट चालेल.

कशेडी

चढावर काही करू नका. उतारावर मात्र लीडरला पहिल्या विसांत ठेवा. त्यासाठी चढाचा माथा दोन किमी राहिला असतानाच एका मदतनीसाला लीडरचे रक्षण करायची आज्ञा द्या आणि लीडरला 'स्थान राखा' वर ठेवा. उतारावर घोळका लांब दोरीसारखा ताणला जातो, मधेच कोणी पडले की मागच्या तुकड्याचे मिनिट जाते, आणि पोलादपूरच्या सपाटीवर ते भरून काढायला तुमचे सपाटीचे गडी वेळेआधी जळतात. वेग दुपटीवर आणा.

आंबेनळी

खेळात प्रत्येकाची ताकद वेगवेगळ्या साठ्यांत मोजली जाते हे इथे कायम डोळ्यासमोर ठेवा. एक साठा दिवसभराचा, तो खर्च झाला की परत भरत नाही. दुसरा झटक्याच्या जोराचा, तो विसावा मिळाला की थोडा थोडा भरतो. आक्रमणाचे बटण दुसरा साठा एकदम रिकामा करते आणि मग पहिल्याला हात घालते.

पोलादपूर सोडताच सपाटीच्या दोघांना पूर्ण जोरात लावा. चढ कडक होईपर्यंत ते संपले तरी हरकत नाही, त्यांचे काम तेवढेच. त्यांनी वेग ठेवला तर चढाच्या पायथ्याशी जागेसाठी होणारी रेटारेटी तुमच्या लीडरच्या मागे होते.

त्यानंतर मध्यम डोंगराचा पहिला गडी. त्याच्या जोराचा आकडा किती ठेवायचा हे पाठ करू नका, कारण तो चढावर, त्या दिवसाच्या तब्येतीवर आणि खेळाच्या आवृत्तीवर बदलतो. दोन-दोनने वाढवत जा. जोराची पट्टी हळूहळू उतरू लागली की एक पायरी खाली या. तो आकडा बरोबर. असा वेग दहा-बारा किलोमीटर चालला की घोळका आपोआप गळतो, आक्रमण करावे लागत नाही. त्याचा दिवसभराचा साठा पाचव्या हिश्शावर आला की दुसऱ्याला पुढे आणा, पण पहिला गळण्याआधी. मधे अर्धा मिनिट वेग पडला तर गळालेले दहा जण परत येऊन चिकटतात आणि मागची सगळी मेहनत फुकट जाते.

वाडा कुंभरोशीजवळ चढ सैल पडतो. हीच जागा सगळ्यांत नीट खेळायची. कॉम्प्युटरच्या टीमा इथे श्वास घेतात, मग दोन-तीन जण एकदम सुटतात. लीडरला त्यांच्या मागे पाठवू नका. दुसऱ्या मदतनीसाचा वेग दोन पायऱ्यांनी वाढवा आणि पंधरा-वीस सेकंदांचे अंतर मान्य करा. सैल चढावर पुढचे तिघे एकमेकांना साथ देत नाहीत तोवर ते टिकत नाहीत. तिघे एकाच वेगाने रिले करताना दिसले आणि अंतर ४० सेकंदांच्या वर गेले, तरच क्लाइंबरपैकी एकाला पूर्ण जोरात लावा. दुसऱ्याला हात लावू नका.

शेवटचे १० किमी साध्या वेगाने खेळा, आणि थांबवून आज्ञा द्या. शेवटचा क्लाइंबर ५ किमी ते २ किमी ओढेल, लीडर त्याच्या मागेच, 'अनुसरण करा' या आज्ञेवर. दोन किमीला बाकीच्यांच्या पट्ट्या बघा. समोरच्यांच्या जोराच्या पट्ट्या अर्ध्याखाली असतील तर आक्रमण करा. त्या भरलेल्या असतील आणि तुमचा लीडर स्प्रिंटला बरा असेल तर शेवटच्या ४०० मीटरपर्यंत बसून राहा. पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंद बोनस मिळतो. टाईम ट्रायल चांगली गेलेल्या लीडरला तेवढे बहुतेक वेळा पुरतात.

बोनसने भागत नसेल आणि मिनिटभर भरून काढायचे असेल तर दुसरा डाव आहे, पण तो सकाळीच मांडावा लागतो. एक चांगला क्लाइंबर सुटलेल्या गटात घुसवा. वाडा कुंभरोशीला लीडर सुटला की पुढे असलेल्या त्या क्लाइंबरला थांबवून घ्या. मग लीडर एकटा वारा खात नाही. यात शेवटचा एक मदतनीस कमी पडतो, म्हणून लीडर एक मिनिटाहून मागे असेल तरच.

खेळायला बसण्याआधी

चालू स्टेजमध्ये सेव्ह होत नाही. ही स्टेज पूर्ण खेळायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा टाईम ट्रायल संपताच वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि लॅपटॉप भरलेला ठेवा.

स्टेज उघडली की पहिली नजर त्या दिवसाच्या तब्येतीवर. ती उणे ५ ते अधिक ५ मध्ये दिसते. लीडर उणे ३ असेल आणि एखादा क्लाइंबर अधिक ३, आणि दोघांत एकूण क्रमवारीत अर्ध्या मिनिटाचाच फरक असेल, तर लीडर बदला. पहिल्या किलोमीटरच्या आत बदला, म्हणजे रक्षणाच्या आणि बाटल्यांच्या सगळ्या आज्ञा नव्या माणसाच्या नावावर देता येतात. जुन्याला वाडा कुंभरोशीच्या पुढे वेग लावायला ठेवा. तब्येत वाईट असली तरी सात-आठ किलोमीटर तो ओढू शकतो.