व्हेरिकोज व्हेन्सचं ऑपरेशन झालं? आता घोट्याच्या त्वचेवर लक्ष ठेवा

पायातल्या फुगलेल्या, वाकड्यातिकड्या शिरांचं, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचं ऑपरेशन झालं की पहिली भीती हीच असते, एवढी लांब शीर काढली किंवा लेझरने बंद केली मग पायातलं रक्त वर जाणार कुठून. अहो, साधारण ९०% रक्त आतल्या खोल शिरांमधूनच जातं. काढलेल्या शिरेचे व्हॉल्व्ह, म्हणजे रक्त खाली येऊ न देणाऱ्या झडपा, गेलेले होते त्यामुळे वर चढलेलं रक्त परत खाली घसरून घोट्यापाशी तुंबत होतं.

उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत ८०-९० एमएमएचजी (बीपी मोजतात तेच माप) प्रेशर असतं, चालायला लागलं की पोटरी पंपासारखी काम करते आणि निरोगी पायात ते साधारण ३० पर्यंत उतरतं. व्हॉल्व्ह बिघडलेल्या पायात ते नीट उतरत नाही, मग त्वचेतल्या केशवाहिन्या ताणल्या जातात, गळतात, लाल पेशी बाहेर पडून त्यातलं लोह साचतं, तोच घोट्याच्या आतल्या बाजूचा तपकिरी डाग. गंमत अशी की या त्वचेत रक्त कमी नसतं, बऱ्याचदा जास्तच असतं. उभं राहिलं की बारीक धमन्यांनी आकसून रक्ताला ब्रेक लावायचा असतो, तो ब्रेक इथे ढिला पडलेला असतो. ऑपरेशनने तुंबणं कमी झालं की तो हळूहळू परत लागू लागतो.

आता करायचं काय, तर त्याच दिवसापासून थोडं थोडं चालायचं, एका जागी ताटकळत उभं राहायचं नाही, आणि आडवं पडून पाय उशीवर टेकवताना टाच छातीपेक्षा वर हवी, बसून स्टुलावर पाय ठेवून फारसा उपयोग होत नाही. स्टॉकिंग, म्हणजे पाय आवळून धरणारा लवचिक मोजा, सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत घालायचा, वरची कड दुमडली तर ती दोरीसारखी आवळते म्हणून दिवसातून दोनदा हात फिरवून बघायचं. बोटं गार किंवा निळी पडली तर लगेच काढा, आणि धमन्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालूच नका.

रात्री नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा, खड्डा राहिला तर अजून सूज आहे. डागाचा आठवड्याला एक फोटो काढा, त्याच जागी त्याच उजेडात, कारण रोज बघून फरक कळत नाही. खाज आणि जडपणा आधी जातो, डाग महिनोन्महिने रेंगाळतो, कधी पूर्ण जातही नाही, त्यावरून ऑपरेशन फसलं असं समजू नका. या तुंबण्यामुळे घोट्यापाशी न भरणारी जखम झालेली असेल तर आशा जास्त आहे, २०१८ साली आलेल्या ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये शीर लवकर बंद केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांना ८२ लागले.

निळे-हिरवे डाग आणि घोट्याजवळ थोडा बधीरपणा चालतो. पण एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.