जुन्या जिप्सीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवताना काय जुळत नाही आणि ते कसं जुळवायचं

मारुतीची जिप्सी १९८५ ला आली तेव्हापासून तिला कंपनीने पॉवर स्टिअरिंग कधी दिलंच नाही, आणि त्यात मोठे टायर टाकले की गल्लीत गाडी वळवताना खांदे भरून येतात. माझे वडील आता सत्तरीला टेकलेत, गाडी त्यांचीच आहे आणि त्यांना ती विकायची नाहीये, म्हणून मी हे काम अंगावर घेतलं. आधी दोन-तीन ठिकाणी विचारलं तर सगळे म्हणाले "होतंय की, अर्ध्या दिवसाचं काम". अर्ध्या दिवसात होत नाही. पार्ट जिथे जिथे एकमेकाला भेटतात तिथे तिथे काहीतरी जुळत नाही, आणि ते आधी मोजून ठेवलं नाही तर गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहते, आमची राहिली.

हायड्रॉलिक करायचं का इलेक्ट्रिक, हा पहिला प्रश्न. हायड्रॉलिकला पंप, पंपाचा ब्रॅकेट, पुली, बेल्टची लाइन, प्रेशरचा पाइप आणि वर अख्खा स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) बदलायला लागतो. इलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे ज्याला सगळे ईपीएस म्हणतात त्यात, मोटर कॉलमवरच, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दांड्यावरच असते, खालचा मूळ बॉक्स तसाच राहतो आणि उद्या मोटर बंद पडली तरी चाकांशी लोखंडी जोड कायम राहतो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, जिप्सीला ईपीएसच. वॅगन-आर, अल्टो, झेन एस्टिलो यांचे कॉलम भंगारवाल्यांकडे मिळतात.

पण त्याच्या आधी एक काम. पुढचा एक्सल जॅकवर घ्या, चाक वर-खाली पकडून हलवा, मग डावी-उजवीकडे हलवा. किंगपिनचे (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीचे) बेअरिंग, टायरॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याची टोकं), बॉक्समधला प्ले, जे सैल असेल ते आधी करून घ्या. ईपीएस लावलं की स्टिअरिंग हलकं होतं आणि हा सगळा ढिलेपणा हाताला जाणवायचा बंद होतो, तो तिथेच असतो फक्त तुम्हाला कळत नाही, आणि साठ-सत्तरच्या स्पीडला पुढची चाकं थडथडायला लागली की मग कळतं.

आता खरेदी. कॉलम, मोटर, कंट्रोलर (मोटरने किती मदत करायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि वायरिंगचे सॉकेट हे सगळं एकाच गाडीचं घ्या, आणि सॉकेट कापताना वायर किमान वीतभर सोडून कापायला सांगा. मला एका दुकानात कॉलम एका गाडीचा आणि कंट्रोलर दुसऱ्या गाडीचा मिळाला होता. सॉकेट बसलं, सगळं छान दिसत होतं, पण इंजिन चालू केलं की वॉर्निंगचा दिवा जायचाच नाही आणि स्टिअरिंग आपोआप डावीकडे ओढायचं. मोटरवरचं स्टिकर आणि कंट्रोलरवरचं स्टिकर दोन्हीचे फोटो काढा, पार्ट नंबरावरून दोन्ही एकाच मॉडेलचे आहेत का ते विचारून घ्या, आणि शक्य असेल तर गाडीवरून उतरवताना स्वतः हजर रहा. अजून एक, कॉलमच्या आत टॉर्क सेन्सर असतो, तुम्ही किती जोर लावताय ते तोच मोजतो. जॉइंट निघत नाही म्हणून कोणी शाफ्टवर हातोडा मारला असेल तर तो सेन्सर शून्यावरून हललेला असू शकतो. शाफ्टच्या टोकाला ठोकल्याचे वळ दिसले तर तो कॉलम स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आणि बसवताना आपणही ठोकायचं नाही, जॉइंटची फट पेचकसने थोडी फाकवायची आणि हाताने सरकवायचा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो स्प्लाइनमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांमध्ये. कॉलमच्या खालच्या टोकाचे दाते आणि जिप्सीच्या खालच्या शाफ्टच्या जॉइंटचे दाते सारखे दिसतात, पण सारखे आहेतच असं धरून चालू नका. डोळ्याने मोजायला गेलं की हमखास चुकतं. मी काय केलं तर शिक्क्याचं स्टॅम्प पॅड घेतलं, शाफ्टचं टोक पुसून त्यावर शाई लावली, एका दात्यावर व्हाइटनरचा ठिपका दिला आणि कोऱ्या कागदावर शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवला. कागदावर रेघा उमटतात, ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत निवांत मोजायच्या. मग व्हर्नियरने बाहेरचा व्यास. दात्यांची संख्या आणि व्यास दोन्ही जुळले तरच जॉइंट बसवायचा. एखादा दाता कमी-जास्त असताना दाबून बसवला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि दाते आतून सोलले जातात.

दाते जुळले तरी बोल्ट बघा. शाफ्टला एक खाच असते आणि जॉइंटचा बोल्ट त्या खाचेतून आरपार जातो, म्हणजे बोल्ट ढिला झाला तरी जॉइंट निसटत नाही. शाफ्ट पाच मिलिमीटर कमी आत गेला तर बोल्ट खाचेत न बसता नुसता दात्यांवर दाबून बसतो, वरून काही कळत नाही. बोल्ट हाताने घालून बघा, हाताने आरपार गेला पाहिजे.

लांबी कमी पडली किंवा दाते जुळलेच नाहीत तर मधला शाफ्ट करून घ्यायला लागतो. इथे कृपा करून काटकसर करू नका. दोन तुकडे टोकाला टोक लावून वेल्डिंग मारून देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. मी आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर एक जाड स्लीव्ह करून घेतली, दोन्ही शाफ्ट आत घट्ट बसतील अशी, दोन्हीकडून भोकं पाडून त्यातून आणि मग कडेने टिग वेल्डिंग. वेल्डिंग गाडीवर करायचं नाही, शाफ्ट काढून टेबलावर. मूळ शाफ्टमध्ये जो सरकणारा भाग असतो तो तसाच ठेवायचा, समोरून धडक बसली तर कॉलम छातीत येऊ नये म्हणून तो दिलेला असतो. खाली रबर कपलिंग असेल आणि त्याला चिरा असतील तर नवीन टाका, आता त्यावर मोटरचा जोर पण येणार आहे.

शाफ्टवर दोन क्रॉस, म्हणजे कोनात फिरणारे जॉइंट असले तर दोन्हीचे काटे एका रेषेत पाहिजेत. एक दाता इकडे-तिकडे झाला की स्टिअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं आणि माणूस मोटरला दोष देत बसतो.

ब्रॅकेटचं थोडक्यात सांगतो. वरची भोकं जुळत नाहीत, मोटर डॅशच्या आत कुठेतरी अडते, बहुतेक क्लचच्या पेडलजवळ. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा, कॉलम दोरीने टांगून सीटवर बसून बघा, गुडघा लागतो का, पेडल पूर्ण दाबलं जातं का, मगच पाच मिलिमीटर पत्र्यात ब्रॅकेट करा आणि डॅशच्या पातळ पत्र्याला नाही तर मूळ कॉलम जिथे बसायचा त्या मजबूत जागेलाच बोल्ट करा. इंडिकेटरचा स्विच, हॉर्न आणि किल्लीचा लॉक डोनर, म्हणजे ज्या गाडीचे पार्ट घेतले तिच्या कॉलमबरोबरच येऊ द्या, नाहीतर जिप्सीचा स्विच त्यावर बसवताना अजून दोन दिवस जातात.

आता वायरिंग, आणि इथेच बरेच लोक अर्धवट सोडतात. पॉवरची वायर थेट बॅटरीवरून, ३० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज बॅटरीजवळच, वायर सहा स्क्वेअर एमएमची, अर्थ चेसिसला रंग घासून. जागेवर उभं राहून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं की मोटर बराच करंट ओढते, वायर बारीक असली तर हेडलाइट मंद होतात आणि कंट्रोलर मदत बंद करतो. मग इंजिन चालू असल्याचा सिग्नल. बऱ्याच कंट्रोलरना तो मिळाल्याशिवाय मदत सुरू होत नाही. कार्ब्युरेटरच्या जिप्सीत तो स्पार्क देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतात, पण तिथे शेकडो व्होल्टचे झटके असतात, थेट जोडलं तर कंट्रोलर जळतो, त्यामुळे ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मध्ये ऑप्टोकपलरचं (सिग्नल प्रकाशाने पुढे देऊन झटका अडवणाऱ्या पार्टचं) छोटं सर्किट टाकून घ्या. डोनर चार सिलिंडरवाली जुनी वॅगन-आर असेल तर इंजिनच्या एका फेऱ्याला दोन पल्सचा, म्हणजे विजेच्या ठोक्यांचा हिशोब आपोआप जुळतो, कारण जिप्सीही चार सिलिंडरचीच.

स्पीडचा सिग्नल सगळ्यात महत्त्वाचा. गाडी जोरात असताना स्टिअरिंग जड झालं पाहिजे, ते या सिग्नलवरच होतं. जुन्या जिप्सीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, त्यामुळे केबल आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा पल्स सेन्सर लावायला लागतो. जपानी पद्धतीत केबल किलोमीटरला ६३७ फेरे फिरते आणि सेन्सर फेऱ्याला ४ पल्स देतो, म्हणजे किलोमीटरला २,५४८. तुम्ही ८ पल्सचा सेन्सर लावला तर ६० ला कंट्रोलरला १२० वाटतं आणि स्टिअरिंग लवकर जड होतं. २ पल्सचा लावला तर ८० ला त्याला ४० वाटतं आणि हायवेवर स्टिअरिंग बोटाने फिरतं, हे खरंच धोक्याचं आहे. आपली केबल किती फिरते ते घरीच कळतं. केबल मीटरमागून काढा, आतल्या तारेला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा, जमिनीवर दहा मीटर आखा आणि गाडी ढकला. झेंडा सहा फेरे आणि वर तिसरा हिस्सा फिरला पाहिजे. आम्ही ढकलली तेव्हा मोठ्या टायरमुळे पावणेसहाच भरले, म्हणजे मीटरही दहा टक्के कमी दाखवत होता हे तेव्हाच कळलं. दहा टक्क्यांनी स्टिअरिंगला फार फरक पडत नाही, दुप्पट-निम्म्याने पडतो. स्पीडचा सिग्नल न जोडताच गाडी देणारे पण आहेत, त्यांच्याकडून गाडी घेऊ नका.

ईपीएसचा वॉर्निंग दिवा डॅशवर लावाच, एक छोटा बल्ब पुरतो.

चाचणी जॅकवर करायची. दोन्ही चाकं हवेत, इंजिन चालू, स्टिअरिंग मधोमध ठेवून हात सोडा. ते स्वतःहून जरासुद्धा फिरलं तर इंजिन बंद करा, सेन्सर किंवा कंट्रोलरमध्ये गडबड आहे, रस्त्यावर न्यायचं नाही. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा, वायर कुठे ओढली जाते का ते खाली वाकून बघा. मग गाडी जमिनीवर घेऊन फ्यूज काढा आणि फ्यूजशिवाय चालत्या गाडीत स्टिअरिंग फिरतं का ते मोकळ्या मैदानात बघा, मोटर बंद पडली तर काय वाटेल हे घरच्या सगळ्या चालवणाऱ्यांना एकदा अनुभवू द्या. वळणानंतर चाक स्वतःहून सरळ येतं का तेही बघा, येत नसेल तर कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन) तपासा. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळायचे.

कागदाचं पण विसरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा.

परवा वडील एकटेच गाडी घेऊन गगनबावड्याला जाऊन आले. आल्यावर बोनेट उघडून मी पहिला बोल्ट बघितला, तो ढिला झाला तर कळावं म्हणून त्यावर व्हाइटनरने मारलेली रेघ जागेवरच होती.