डोंगरातल्या तळ्याकाठी मुलांसह मुक्काम

खोली ठरवतानाच विचारा: दारापासून पाणी किती पावलांवर आहे, मध्ये कुंपण आहे का? लहान मूल असेल तर थेट काठावर उघडणारी खोली नकोच, देखावा कितीही सुंदर असो.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्या. पट्टे आवळून खांद्यांपाशी वर ओढून पाहा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागा. फुगवायचे हातपट्टे हा त्याला पर्याय नाही. नौकाविहार सकाळीच उरका. दुपारी उतार तापले की वारा सुटतो, लाटा उठतात.

दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, म्हणून स्वेटर उन्हाळ्यातही हवाच. मुक्काम २५०० मीटरच्या वर असेल तर पहिला दिवस निवांत ठेवा. डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर मुलाला खाली न्या.