मुंबई–टोकियो विमानप्रवास: या चुका टाळा

नात्यात, ओळखीत कुणी जपानला निघालं की तिकिटाचा फोटो माझ्याकडे येतो. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे दोन वेळांची थेट वजाबाकी. समजा, विमान मुंबईहून रात्री 8 ला सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 7.30 ला टोकियोत उतरतं. लोक म्हणतात, बापरे, साडेअकरा तास! परतीचं सकाळी 11 ला निघून संध्याकाळी 5.30 ला मुंबईत, म्हणजे साडेसहाच तास. खरं नेमकं उलट आहे. वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. जाताना साडेतीन वजा करा, येताना मिळवा. जायला आठ तास, यायला दहा. जपानमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे बारा महिने हाच आकडा. एवढंही पाठ करायचा कंटाळा येतो, याचा मला खरंच राग येतो.

अंतर साधारण 6,750 किमी. त्याला 900 ने भागून दोन्ही बाजूंना साडेसात तास धरू नका. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जेट स्ट्रीमचे वारे वाहतात, हिवाळ्यात जपानवर ताशी 300 किमीच्याही वर जातात. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी ते 1920 च्या दशकातच फुगे सोडून मोजले होते. जाताना हे वारे पाठीवर, येताना तोंडावर.

आता विमानतळ. टोकियोला दोन आहेत. हानेदा शहराला लागून, नारिता साठेक किमी लांब. तिकिटं शोधताना ‘टीवायओ’ हा टोकियो शहराचा कोड टाकला की दोन्हींची तिकिटं एकत्र दिसतात आणि घाईतला माणूस स्वस्त ते उचलतो. भाच्याने तेच केलं. ताईला घेऊन उत्तर जपानमधल्या सापोरोचा बर्फ बघायला निघाला होता. नारिताला 7.30 ला उतरायचं, 10.30 ला हानेदाहून पुढचं विमान, तिकिटं वेगवेगळी. मी आधीच टोकलं, तर म्हणाला, “मामा, दोन्ही टोकियोच ना? तीन तास आहेत.” विमान वेळेत उतरलं. इमिग्रेशन आणि बॅगा यात दीड तास गेला. बस सव्वानऊला मिळाली, हानेदाला पोचली 10.35 ला. ताईचा फोन आला तेव्हा इथे सात वाजून गेले होते, माझा चहा गॅसवर होता. “अरे, काउंटर बंद झालाय,” एवढंच बोलली आणि रडायला लागली. तिकिटं सुटी असल्यामुळे पुढच्या कंपनीने हात वर केले. नवी तिकिटं काढावी लागली.

विमानतळ बदलायचा असेल तर मी सहा तासांच्या आत काही ठेवत नाही. वडीलधारं माणूस सोबत असेल तर सरळ एक रात्र मुक्काम. आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, चार पैसे जास्त गेले तरी.

12 तारखेचं रात्री 12.40 चं विमान म्हणजे 11 तारखेच्या रात्री घर सोडायचं.

इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती जपान सरकारच्या ‘व्हिजिट जपान वेब’ या वेबसाइटवर घरूनच भरा, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी मी वहीच्या पानावर दोन रकाने आखतो, एकात भारताची वेळ, एकात जपानची, आणि दारातून निघण्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत सगळं त्यात लिहितो. आता भाचाही लिहितो.