बुडालेल्या जहाजावर संध्याकाळी जायचंय? तयारी मुंबईतल्या पोहण्याच्या तलावातच होते

आमच्या डायव्हिंगच्या ग्रुपात कोणी नवीन आलं की पहिल्याच चहाला विचारतं, मुंबईजवळ एखादं बुडालेलं जहाज बघता येईल का हो? जहाजं आहेत पण बघता येणार नाहीत. एक तर आपल्या पाण्यात एवढा गाळ असतो की हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. आणि दुसरं म्हणजे रामदास. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० च्या वर माणसं गेली. अलिबागकडच्या बऱ्याच घरांत अजून त्या दिवसाची गोष्ट सांगतात, तिथे टाइमपास म्हणून उतरायचं आमच्या तरी मनात येत नाही.

म्हणून आम्ही वर्षभर भिशी लावल्यासारखे पैसे साठवतो आणि इजिप्तला लाल समुद्रात बुडालेल्या थिसलगॉर्मवर संध्याकाळचा डाइव्ह करायला जातो. १९४० साली इंग्लंडात संडरलंडला बांधलेलं मालवाहू जहाज. युद्धाचं सामान घेऊन ग्लासगोहून निघालं, भूमध्य समुद्रात धोका म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलं आणि सुएझच्या अलीकडे शाब अलीच्या प्रवाळाआड नांगर टाकून आपला नंबर यायची वाट बघत बसलं. ६ ऑक्टोबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जर्मन बॉम्बर आले, बॉम्ब मागच्या बाजूच्या दारूगोळ्याच्या खणात पडले आणि जहाज तिथल्या तिथे बुडालं. ९ जण गेले. म्हणजे हीसुद्धा थडग्याचीच जागा आहे, तिथून काहीही उचलायचं नाही, बंदुकीची एक गोळीसुद्धा नाही.

आता तयारी. ओपन वॉटर म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, त्याच्या कार्डावर १८ मीटरपर्यंतच जाता येतं आणि थिसलगॉर्मचा तळ ३० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे त्याच्या पुढचं अ‍ॅडव्हान्स्डचं कार्ड हवं. थिअरी आणि तलावातला सराव मुंबईत होतो, समुद्रातले डाइव्ह मालवण, गोवा नाहीतर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला करा, जमलं तर अंदमानला. नायट्रॉक्सचा म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा कोर्सही करून टाका, ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण साधारण ३३ मीटरपर्यंत चालतं म्हणजे या जहाजाला बरोब्बर बसतं आणि खाली थोडा जास्त वेळ मिळतो. साध्या हवेवर ३० मीटरला डायव्हिंगच्या तक्त्याप्रमाणे २० मिनिटंच मिळतात, त्यातली पाचेक तर इकडेतिकडे बघण्यातच जातात.

तलावातला आमचा सराव बघून बाकीचे पोहणारे हसतात, हसू देत. मास्कच्या काचेला आतून डब्याची चांदी लावायची आणि बडीचा म्हणजे आपल्या जोडीदाराचा हात धरून एक फेरी मारायची, काही न दिसता. मग त्याच अवस्थेत रेग्युलेटर म्हणजे श्वास घ्यायची नळी तोंडातून काढून परत शोधायची, जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण चाचपडून सापडतं का बघायचं, बडीचा ऑक्टोपस म्हणजे जादाचा रेग्युलेटर कुठे लटकतो ते हाताने पाठ करायचं. दोनचार शनिवार हे केलंत की अंधाराची भीती निम्मी जाते. पाय मारायची पद्धतही इथेच बदला. बेडकासारखी किक हवी, वरखाली फटके मारलेत तर जहाजावरचा गाळ उडतो आणि मागच्या माणसाला काही दिसत नाही, वर शिव्याही तुम्हालाच बसतात.

वजनाचा हिशोब लोक कायम चुकवतात. तलावाचं पाणी गोडं आणि लाल समुद्र आपल्या अरबी समुद्राहूनही खारट, त्यात ५ मिलिमीटरचा सूट, तेव्हा तलावातल्यापेक्षा दोनतीन किलो तरी जास्त लागतंच. पहिल्या दिवशीच बोटीजवळ तपासून घ्या: सिलिंडर जवळजवळ रिकामं असताना, जॅकेटमधली हवा काढून, पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे.

हवेचा हिशोब मात्र कागदावर करा, मनात नको. १२ लिटरचं सिलिंडर २०० बार दाबाला भरलेलं म्हणजे २४०० लिटर हवा. वर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर ३० मीटरला दाब चौपट म्हणून ८० लिटर, म्हणजे अर्ध्या तासात सिलिंडर ठणठणीत रिकामं. त्यात करंट म्हणजे पाण्याचा ओढा असला, दम लागला, की आणखी लवकर. आमचा नियम साधा आहे, एक तृतीयांश जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. २०० ने सुरू केलं तर १३० ला तोंड फिरवायचं, समोर कितीही भारी दिसत असलं तरी. आणि दोघांत ज्याची हवा आधी १३० ला येईल त्याचं ऐकायचं, तिथे सीनियर ज्युनियर काही नाही.

सामानात टॉर्च दोन, मोठा आणि एक छोटा खिशात, शिवाय सिलिंडरला बांधायला छोटा दिवा. इथे माझं ऐका, कारण मी स्वतः माती खाल्लीय. गेल्या ट्रिपला चार्जिंग करून टॉर्च बंद केला तेव्हा ओ-रिंगवर, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस राहिला होता, एकच, माझाच. १२ मीटरला काचेच्या आत पाण्याची बारीक रेघ दिसली, मग उजेड पिवळा झाला आणि मग गेलाच. छोटा टॉर्च काढेपर्यंत बडीने माझ्या बाहीला धरून ठेवलं होतं, आणि वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "अरे, पुढच्या वेळी टक्कल करून ये." तेव्हापासून मी ओ-रिंग काढून, बोटांनी चाचपून, टॉर्चच्याच उजेडात बघून, ग्रीसचा पातळ हात फिरवून बसवतो, आणि ते काम दुपारी करतो, बोट डोलायला लागल्यावर नाही.

बोट लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्या, पण ती गोळी झोप आणते का ते घरी एखाद्या रविवारी घेऊन बघा. मी आलेपाक नेतो, निदान तोंडाला चव राहते. दुपारी पाणी भरपूर प्या आणि जेवण हलकं ठेवा, दारू डाइव्हनंतरच.

दिवसा येणाऱ्या बोटी दुपारी परत जातात, संध्याकाळी तिथेच मुक्काम असणारी बोट असेल तरच संध्याकाळचा डाइव्ह जमतो. पहिला डाइव्ह उजेडात करा, जहाज बघून ठेवा, म्हणजे अंधारात नवीन काही शोधायला नको. संध्याकाळी उतरायचं ते थोडा उजेड असतानाच, बोटीपासून जहाजाला बांधलेल्या दोराला धरून. इथे करंट कधीकधी एवढा असतो की दोर सोडला की तुम्ही गेलातच, झेंड्यासारखं आडवं व्हायला होतं. खाली पोचल्यावर आपला दोर जहाजाला नेमका कुठे बांधलाय ते नीट बघा, शेजारी काय आहे ते लक्षात ठेवा, परत तिथूनच वर यायचंय. आत शिरायचा मोह होईल, पण रेकचं म्हणजे बुडालेल्या जहाजाच्या आत जायचं वेगळं ट्रेनिंग नसेल तर संध्याकाळी नाहीच. शिवाय आपले बुडबुडे आत छताला अडकतात आणि लोखंड आणखी गंजतं.

बाहेरून आणि उघड्या खणांच्या वरून बघायला काय कमी आहे? बीएसएच्या मोटारसायकली रांगेत, बेडफर्डचे ट्रक, रबरी बुटांचा ढीग, मागच्या टोकाला आडवी झालेली तोफ. टॉर्चचा उजेड मोटारसायकलच्या हँडलवर पडला की गंज लालभडक दिसतो, दिवसा सगळं निळंकरडं वाटतं. लायनफिश तुमच्या उजेडात शिकार करायला चिकटून येतात, त्यांच्या काट्यांत विष असतं, तेव्हा हात आवरा आणि कुठे टेकू नका. उजेड कोणाच्या डोळ्यांत मारायचा नाही. टॉर्चने खूण करायची ती अशी: ठीक आहे म्हणजे तळावर मोठा गोल, गडबड आहे म्हणजे टॉर्च जोरात डावीउजवीकडे.

वर येताना दोर धरून सावकाश, ५ मीटरला तीन मिनिटं थांबा. बोटीवर आल्यावर आधी हजेरी, मग चहा. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर कमीत कमी १८ तासांनी, आम्ही २४ धरतो, त्यामुळे तिकीट काढणाऱ्या मेंबरला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो स्वस्त मिळालं म्हणून पहाटेचं काढून बसतो.